शटर १/१००० ला फोटो काळे, १/८० ला हात गायब. मधलं काही असतं का?

धूसर

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय. पुतणी बॅडमिंटन खेळते, इनडोअर कोर्टवर, आणि फोटोचं काम घरच्यांनी माझ्या गळ्यात घातलंय. कॅमेरा क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरवाला, सोबत मिळालेली १८-५५ मिमी आणि एक ५५-२०० मिमी लेन्स. ऑटोवर काढले की उजेड छान येतो, चेहरापण कधीकधी बरा असतो, पण हात आणि रॅकेट म्हणजे नुसता फराटा. फोटोची माहिती उघडून बघितली तर शटर १/८० सेकंद, एफ/५.६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा), आयएसओ (फोटो किती उजळवायचा तो आकडा) १६००. कुणीतरी म्हणालं शटर स्पीड वाढव, म्हणून एस मोडवर (शटर आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा) जाऊन १/१००० ठेवला तर फोटो जवळजवळ काळेच आणि स्क्रीनवर तो एफचा आकडा लुकलुकायला लागला. आयएसओची वरची मर्यादा मीच १६०० ला बांधून ठेवलीये कारण त्याच्यावर दाणे येतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

बरं लेन्सला स्टॅबिलायझेशन आहे, ते चालूच होतं. तरी हललेलं कसं येतं?

मूळ प्रश्न असा की शटर स्पीड हे नेमकं उजेडाचं बटण आहे की हालचालीचं? दोन्हीचं असेल तर एक सांभाळताना दुसरं बोंबलणारच ना?

उंटावरचा शहाणा

बोंबलणारच. धागा संपला, सगळ्यांनी घरी जा. (हलके घ्या.)

स्टॅबिलायझेशन तुमचा हात धरतं हो, पुतणीचा कसा धरणार ते? ती बिचारी पळणारच.

तिपाई

धूसर, काही बदलायच्या आधी एक करा. ते हललेले फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठे करून बघा. नेट आणि कोर्टच्या पट्ट्या स्वच्छ दिसतायत आणि फक्त खेळाडू फराटा झालाय, तर ती खेळाडूची हालचाल, शटर कमी पडलं. सगळं चित्रच एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतंय, नेटसकट, तर तुमचा हात हललाय. आणि खेळाडू मऊ पण मागची भिंत कडक असेल तर तो फोकस चुकलाय, त्यात शटरचा काही दोष नाही. हे तीन आजार वेगळे आहेत आणि लोक तिन्हीला "हलला" म्हणतात आणि मग तिन्हीवर एकच औषध देतात.

हाताच्या बाबतीत जुना नियम आहेच, शटर निदान एक भागिले फोकल लेंथ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) इतकं तरी हवं. २०० मिमीला क्रॉपचा दीडपट गुणाकार केला तर १/३०० झाले. स्टॅबिलायझेशन असेल तर १/८० ला पण हात खपून जाईल, त्यामुळे माझा अंदाज की तुमचा पहिला आजार आहे.

धूसर

बघितलं. नेटची जाळी मोजता येतीये इतकी स्वच्छ, पुतणी मात्र भुतासारखी. म्हणजे पहिला आजार.

मग आता किती ठेवायचं? कुणी म्हणतं ५००, कुणी २०००. हे ठरवतात कसं?

भिंगरी

हे आकडे पाठ करण्यापेक्षा एकदा हिशोब करून बघा, मग आयुष्यात कुणाला विचारावं लागत नाही. मी तरी असंच शिकले, आमचा विषय पक्ष्यांचा असला तरी गणित तेच.

समजा पुतणी कोर्टवर आडवी पळतीये, सेकंदाला ५ मीटर. १/८० सेकंदात ती ६ सेंटिमीटरच्या थोडी वर सरकते. आता तुमच्या फ्रेममध्ये आडवी ३ मीटर जागा मावतीये आणि सेन्सरवर आडवे ६००० पिक्सेल आहेत असं धरा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला एक पिक्सेल. सहा सेंटिमीटर म्हणजे सव्वाशे पिक्सेलचा फराटा! चेहऱ्यावरचे डोळे-नाक सगळं एकमेकांत मिसळलं. तेच १/१००० ला ती फक्त ५ मिलिमीटर सरकते, १० पिक्सेल. फोटो मोबाइलवर बघायचा असेल तर तो हजारेक पिक्सेलपर्यंत लहान होतो, तिथे हे १० चे दोनसुद्धा उरत नाहीत, कुणाला दिसणार पण नाही. मोठा प्रिंट काढला तर किंचित मऊपणा जाणवेल.

यातून जी गोष्ट निघते ती महत्त्वाची, की माणूस जगात किती वेगाने पळतोय याला फार अर्थ नाही, तो फ्रेममध्ये किती वेगाने सरकतोय ते बघायचं. तीच मुलगी तितकीच पळतीये पण तुम्ही जवळजवळ पूर्ण कोर्ट घेतलं, फ्रेम १२ मीटर रुंद, तर तोच फराटा एक चतुर्थांश होतो आणि १/२५० पण चालून जातं. उलट २०० मिमीने नुसता चेहरा आणि खांदे घेतले तर १/१००० पण कमी पडेल. आणि दिशा. तुमच्याकडे सरळ धावत येणारा खेळाडू फ्रेममध्ये जवळजवळ सरकतच नाही, फक्त थोडा मोठा होत जातो, त्याला कमी शटर पुरतं. आडवा जाणारा सगळ्यात वाईट. तिरका मधे कुठेतरी.

मग अंगाचे भाग. धड हळू, हात जोरात, रॅकेटचं टोक त्याहून कितीतरी जोरात. टोक सेकंदाला ३० मीटर जातंय समजलं तर १/१००० ला पण ते ३ सेंटिमीटर पुसलं जाणार. आणि शटलचं तर बोलूच नका, सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा २०२३ मधला विक्रम ताशी ५६५ किमी आहे, सेकंदाला १५७ मीटर, म्हणजे १/२००० ला पण शटल जवळजवळ स्वतःच्याच लांबीइतकं सरकलेलं. अर्थात तो वेग रॅकेट सोडतानाचा, पिसांमुळे पुढे फटाफट कमी होतो. पण मुद्दा हा की सगळंच थांबवायचं म्हटलं तर हॉलमधला उजेड पुरणारच नाही. चेहरा आणि धड थांबवा, शटलचं शेपूट आलं तर येऊ दे, उलट मजा येते.

अजून एक. उडी मारली की सगळ्यात वरच्या टोकाला वर जाण्याचा वेग शून्य होतो. स्मॅशच्या आधी हात मागे जाऊन क्षणभर अडतो. तो क्षण पकडता आला तर १/३२० ला पण कडक फोटो मिळतो. आमच्याकडे पक्षी पंख पूर्ण वर गेल्यावर तसाच अडतो, तिथेच बोट दाबायचं असतं.

रिकामटेकडी

भिंगरीताई दंडवत! वाखू (वाचनखूण) साठवली.

जुना रोल

हालचालीचं छान झालं, आता उजेडाचं सांगतो, कारण धागाकर्त्याची खरी गाठ तिथे आहे.

शटरचे आकडे १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, १/१००० असे जातात, प्रत्येक पायरीला वेळ निम्मा म्हणजे उजेड निम्मा. याला एक स्टॉप म्हणायचं. (६० चं दुप्पट १२५ कसं हे विचारू नका, आकडे सोयीसाठी गोल केलेत.) ॲपर्चरच्या, म्हणजे लेन्सच्या छिद्राच्या, पायऱ्या १.४, २, २.८, ४, ५.६, ८ अशा (आकडा लहान तितकं छिद्र मोठं), त्यातही प्रत्येक पायरी एक स्टॉप. आयएसओ १००, २००, ४०० तसंच. तिघांचं चलन एकच आहे, म्हणून एकीकडे घालवलं ते दुसरीकडून भरता येतं.

धूसर, तुमचा फोटो १/८०, एफ/५.६, १६०० ला बरोबर उजेडाचा आला ना? तुम्ही १/१००० केलंत म्हणजे साधारण साडेतीन स्टॉप काढून घेतले. एस मोडमध्ये कॅमेरा म्हणतो ठीक आहे मी ॲपर्चर उघडून भरून काढतो, पण २०० मिमीला तुमची लेन्स एफ/५.६ च्या पुढे उघडतच नाही. आयएसओ तुम्ही बांधून ठेवलाय. त्याला जागाच उरली नाही, म्हणून तो आकडा लुकलुकतो, म्हणजे तो सांगतोय की मी हात टेकले.

उपाय दोन. एक, आयएसओचं बंधन सोडा. १/८० वरून १/६४० म्हणजे तीन स्टॉप, १६०० चे १२८०० होतील. दोन, मोठ्या ॲपर्चरची प्राइम (झूम नसलेली) लेन्स, ५० किंवा ८५ मिमी एफ/१.८. एफ/५.६ वरून १.८ म्हणजे सव्वातीन स्टॉप, त्यात १६०० आयएसओवरच १/८०० मिळतं. मला विचाराल तर दुसरा. १२८०० ला फोटो म्हणजे वाळू टाकल्यासारखे येतात, आम्ही ४०० चा रोल ढकलून १६०० ला नेला तरी लोक नाकं मुरडायचे.

तिपाई

जुना रोल, बाकी सगळं मान्य, आयएसओच्या भीतीशी असहमत. रोलचे दिवस वेगळे होते. डिजिटलमध्ये दाणे येतात ते मुख्यत्वे सेन्सरवर उजेड कमी पडला म्हणून, आयएसओचा आकडा मोठा म्हणून नाही. १/६४० आणि एफ/५.६ ठरलं की सेन्सरवर किती उजेड येणार ते ठरलं. आता तुम्ही १६०० ठेवून काळा फोटो काढा आणि नंतर कॉम्प्युटरवर उजळवा, किंवा १२८०० ठेवून सरळ काढा, दाणे तेवढेच. बऱ्याच कॅमेऱ्यांत तर आधीच वाढवलेला आयएसओ थोडा स्वच्छच येतो, कारण सेन्सर वाचताना होणारा गोंगाट त्याच्या तुलनेत दबतो.

आणि शेवटचं कारण म्हणजे दाणे सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी कमी होतात. १/८० ला पुसलेला चेहरा कुठलं सॉफ्टवेअर परत आणणार? आणला तरी तो पुतणीचा नसेल, त्या सॉफ्टवेअरच्या कल्पनेतल्या कुणाचा तरी असेल.

म्हणून माझा क्रम ठरलेला. हलती गोष्ट असेल तर आधी शटर, हालचालीकडे बघून. मग ॲपर्चर जमेल तितकं उघडं. आयएसओ जो होईल तो होऊ दे. धूसरने विचारलंय ना कशाचं बटण, हालचालीचं समजा. उजेड भरायला अजून दोन जागा आहेत, हालचालीला दुसरी जागाच नाही.

जुना रोल

नवीन सेन्सरबद्दल असेलही तसं, वाद घालत नाही. पण उजळ भागांना (हायलाइट्सना) जागा ठेवायला हवी होती तुम्ही, कारण आयएसओ वाढवला की पांढऱ्या टी-शर्टातले आणि दिव्यातले बारकावे लवकर जळतात. तेवढं लक्षात असू द्या.

तिपाई

हो, ते बरोबर. हायलाइट्सकडे डोळा हवाच.

धूसर

मंडळी, काल सराव होता, बंधन सोडून १/६४० ला काढले. चेहरा कडक! दाणे आहेत पण घरच्यांपैकी एकाच्याही लक्षात आले नाहीत, सगळे म्हणाले लेन्स नवी घेतलीस का.

नवीन भानगड: सटासट दहाबारा फोटो ओढले की त्यातले काही पिवळट, काही गडद, एकात तर अर्धी फ्रेम उजळ आणि अर्धी काळपट. सेटिंग एकही बदललेलं नव्हतं. १/८० ला असं कधीच झालं नव्हतं.

तिपाई

आधी मोड. सराव असो की मॅच, एम वर (सगळं हाताने ठरवायचा मोड) या, शटर १/६४०, ॲपर्चर पूर्ण उघडं. आयएसओ ऑटो ठेवलात तर मागे पांढरी भिंत आली की कॅमेरा फसून फोटो गडद करतो आणि काळा पडदा आला की उजळ. हॉलमधला उजेड काही दर मिनिटाला बदलत नाही, एक चाचणी फोटो काढून आयएसओ पण हातानेच बांधून टाका. असं करूनही फरक राहिला तर दोष दिव्यांचा.

भिंगरी

दिव्यांचाच आहे, ते पिवळट ऐकूनच कळलं. घरच्या वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंद होतात (६० हर्ट्झ असेल तिथे १२०). डोळ्याला कळत नाही. १/८० ला एका फोटोत एक अख्खं चढउतार मावतं त्यामुळे सरासरी उजेड मिळायचा, आता १/६४० ला त्या लाटेचा छोटासा तुकडा तुमच्या वाट्याला येतो, कधी माथा कधी दरी. रंग पण त्या चढउतारात बदलतो.

१/१०० केलं तर हे थांबेल पण परत पुतणी भूत. मेनूत अँटी-फ्लिकर नावाचं काही आहे का बघा, ते चालू केलं की कॅमेरा दिव्याच्या माथ्याची वाट बघून शटर सोडतो. फोटोंचा वेग थोडा मंदावतो, बाकी त्रास नाही. चांगल्या ड्रायव्हरचे (वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटचे) एलईडी असतील तर हा प्रकार मुळात होतच नाही.

रिकामटेकडी

मला एक कळत नाही, सगळं गोठवायचाच अट्टाहास का? मला तर ते १/२००० चे फोटो बघून खेळाडू हवेत खुंटीला टांगल्यासारखे वाटतात. हेलिकॉप्टरचा फोटो १/२००० ला काढून बघा, पंखे थिजलेले, आता पडतंय की काय अशी काळजी वाटते. १/१२५ किंवा त्याहून खाली आणलं की पंखे फिरतायत असं दिसतं आणि जीव येतो.

माझा आवडता प्रकार पॅनिंग. सायकलवाला आडवा जातोय, शटर १/३०, आणि त्याच्याबरोबर कॅमेरा कमरेतून वळवत न्यायचा, बटण दाबायच्या आधीपासून आणि दाबल्यावरही, मधे थांबायचं नाही. भिंगरीताईंच्याच भाषेत सांगायचं तर सायकलवाला फ्रेममध्ये सरकतच नाही, मागचं जग सरकतं. तो स्वच्छ, पार्श्वभूमी रेघारेघांची. बहुतेक वाया जातात हे आधीच सांगते, त्याला इलाज नाही. स्टॅबिलायझेशनला पॅनिंगचा वेगळा मोड असेल तर तो लावा, नाहीतर काही लेन्स तुमचं वळवणंच "सुधारायला" जातात.

आणि धबधबा! अर्धा सेकंद ते एक सेकंदात पाण्याचे पदर दिसतात, दहा-पंधरा सेकंदाला धुकं होतं. भर उन्हात एवढा वेळ उघडं ठेवता येत नाही म्हणून एनडी फिल्टर (लेन्ससमोर लावायची काळसर काच), १० स्टॉपचा असला तर उजेड १०२४ पटीने कमी होतो, १/६० चं शटर थेट १७ सेकंदावर जातं. ट्रायपॉड मात्र हवाच.

उंटावरचा शहाणा

यावरून आठवलं, फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो काढला होता, भर गर्दीचा रस्ता पण फोटोत ओसाड. तेव्हा काही मिनिटं उघडं ठेवावं लागायचं, माणसं-घोडागाड्या सगळे पुसले गेले, उरला तो एक बूट पॉलिश करून घेणारा माणूस, कारण तो बिचारा जागचा हलला नाही. माणसाचा फोटो म्हणून जे सगळ्यात जुने धरतात त्यात तो येतो. रिकामटेकडीबाईंच्या १७ सेकंदात पण समोरून चालत गेलेला माणूस असाच नाहीसा होतो.

धूसर

हे भारी आहे. अँटी-फ्लिकर सापडलं, पुढच्या वेळी लावून बघतो.

अवांतर प्रश्न: फ्लॅश मारला तर आयएसओचं सगळंच दुखणं जाईल ना? मॅचमध्ये नाही, कळतं मला, खेळाडूच्या डोळ्यावर येईल. घरी प्रयोगापुरतं विचारतोय. एकदा १/१००० ला मारला होता तर अर्ध्या फोटोवर काळी पट्टी आली.

जुना रोल

आता माझा विषय निघाला.

शटरला दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर उघडा करतो, दुसरा मागून येऊन झाकतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला पडद्याला साधारण १/२५० सेकंद लागतो आणि हा वेग बदलत नाही. १/१००० म्हणजे पडदा जोरात पळतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतं, दुसरा पडदा पहिल्याच्या लगेच मागे निघतो आणि दोघांमधली फट सेन्सरवरून सरकत जाते. प्रत्येक जागेला १/१००० सेकंदच उजेड मिळतो, पण सगळ्या जागांना एकाच वेळी नाही. फ्लॅश एका झटक्यात पेटतो, त्या क्षणी जेवढी फट उघडी तेवढंच उजळलं, बाकीची ती तुमची काळी पट्टी. पूर्ण सेन्सर एकाच वेळी उघडा असेल असं सगळ्यात वेगवान शटर म्हणजे सिंक स्पीड, बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५०. त्याच्या वर जायचं तर हाय स्पीड सिंक लागतं, त्यात फ्लॅश एकदम न पेटता भराभर अनेक वेळा पेटतो आणि ताकद बरीच घटते.

पण अंधाऱ्या खोलीत गंमत उलटी होते. तिथे हालचाल शटर थांबवतच नाही, फ्लॅश थांबवतो. छोटा फ्लॅश कमी पॉवरवर १/१०००० सेकंदाहूनही कमी वेळ पेटतो, शटर १/२०० असलं तरी बाकीच्या वेळात अंधारच, सेन्सरला काही दिसत नाही. हॅरॉल्ड एजर्टन या अमेरिकन इंजिनिअरने सफरचंदातून आरपार जाणारी गोळी १९६४ मध्ये अशीच टिपली. शटरच्या भरवशावर ती कधीच मिळाली नसती. आणि अशा फोटोत शटर बदलून फोटो उजळ-गडद होत नाही, ॲपर्चर किंवा फ्लॅशची पॉवर बदलावी लागते.

सरकत्या फटीवरून लार्तिग या फ्रेंच फोटोग्राफरचा तो रेसिंग कारचा फोटो बघा, १९१० च्या दशकातला. चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय आणि मागचे बघे उलट बाजूला कललेत. फट खालीवर सरकेपर्यंत गाडी पुढे गेली आणि तो कॅमेरापण गाडीबरोबर वळवत होता.

धूसर

अरे! माझ्याकडे एका फोटोत रॅकेटची दांडी केळ्यासारखी वाकलीये, मला वाटलं रॅकेटच तसली लवचिक. तेच का हे? आजकालच्या कॅमेऱ्यात पण होतं?

भिंगरी

जास्त होतं, शटर इलेक्ट्रॉनिक असेल तर. त्यात पडदेच नसतात, सेन्सर एकेक ओळ वाचत खाली येतो आणि साध्या सेन्सरला ते संपवायला बऱ्याचदा १/२० ते १/६० सेकंद लागतो, पडद्यापेक्षा कितीतरी हळू. तुम्ही १/४००० ठेवलं तरी प्रत्येक ओळ तेवढीच कडक येणार पण वरची ओळ आणि खालची ओळ यांच्यात रॅकेट पुढे गेलेलं असणार, म्हणून स्वच्छ पण वाकडं. दिव्यांच्या पट्ट्या पण यात जास्त दिसतात. निकॉन झेड ९ मध्ये २०२१ ला पडदा काढूनच टाकला कारण तो सेन्सर वाचनात पडद्याच्या जवळपास वेगवान आहे, आणि सोनीच्या ए ९ थ्री मध्ये २०२३ ला सगळ्या ओळी एकदम वाचणारा ग्लोबल शटर आला, त्यात वाकणं नाही आणि फ्लॅशची पट्टी पण नाही.

तुम्ही तुमच्या कॅमेऱ्यात मेकॅनिकल ठेवा. हॉलमध्ये आवाज नको म्हणून सायलेंट मोड लावला असेल तर तो बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिकच असतो, आधी तो बंद आहे का बघा.